उपाशी दिसत नाही

मुलुंड (पूर्व)
५ ऑक्टोबर २०२३

प्रिय आत्या,

यंदा गणपतीला कुडाळला आले नाही म्हणून तू रागावलीस, असं बाबा म्हणाले. राग बरोबर आहे. फोनवर तुझी समजूत काढली असती, पण तुझ्या कानांपर्यंत फोन पोचत नाही आणि मेसेजच्या बारीक अक्षरांवर तू चिडतेस. म्हणून हे पत्र. ऑफिसातल्या मुली हसतात, म्हणतात, तू अजून पोस्टात जातेस? जाते. माझी आत्या बहिरी आहे आणि हट्टी आहे, असं सांगते.

पथकाची वादनं होती गं, म्हणून आले नाही. चार वर्षं झाली मी ढोल वाजवते. तो कमरेला बांधून तासन्‌तास वाजवायचा तर अंगात ताकद लागते, आणि ती माझ्यात आहे. पथकात सगळ्यात दमदार टोल श्रुतिकाचा, असं आमचा प्रमुख अनय सगळ्यांसमोर म्हणतो. घाटकोपरला एका मंडळाच्या आगमनाला मी डोळे मिटून वाजवत होते. कोणीतरी शूट केलं आणि टाकलं. वर लिहिलं, ‘यातला ढोल कुठला ते ओळखा.’

लाखो लोकांनी बघितलं, आत्या. कांजूरच्या आमच्या ऑफिसात वॉचमननेसुद्धा. खाली लोकांनी काय काय लिहिलंय. रस्ता खचेल, महापालिकेला कळवा. ढोलाची दया येते. आई म्हणते, बघू नकोस. मी बघते. एक संपलं की दुसरं. एका बाईने, स्वतःच्या फोटोच्या जागी देवीचा फोटो लावलेल्या, लिहिलंय की हिच्या आईने हिला वेळेवर ताटावरून उठवलं असतं तर बरं झालं असतं. ते आईने वाचलं. संध्याकाळी मला भात वाढताना तिचा हात थांबला. वाढला नेहमीएवढाच. पण थांबला.

बाकी मी मजेत. असल्या गोष्टी चार दिवस चालतात.

तुझी
श्रुतिका

*

कुडाळ
१७ ऑक्टोबर २०२३

श्रुतिका बाय,

पत्र पोचलं. शेजारच्या रेवतीच्या फोनवर तो व्हिडिओ पाहिला. मला आवाज ऐकू आला नाही, त्यामुळे मी फक्त तुला पाहिलं. चांगली वाजवत होतीस. हात कसा वरून खाली येत होता. खालचं काही मी वाचलं नाही. रेवती वाचू लागली तर तिला फोन बंद करायला लावला.

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही गो. शाळेत तीस वर्षं पोरांनी मला काय काय नावं ठेवली ती मला सगळी ठाऊक होती. तेव्हा ऐकू येत होतं. तू लक्ष देऊ नको. आपल्या परबांची हाडंच रुंद. तुझे आजोबा गिरणीत दोन माणसांचं काम एकटे करायचे.

तरी एक सांगू? रागावू नको. वय आहे तोवर थोडं वजन उतरवलंस तर पुढे गुडघे दुवा देतील. सकाळी चालायला जात जा. लोकांसाठी नको, स्वतःसाठी.

तुझ्या आईला, मालनला सांग, आमसुलं काढून ठेवली आहेत, येणाऱ्या कोणाबरोबर पाठवते.

आत्याची तुझ्यावर माया आहे, हे पत्रात वेगळं लिहीत नाही.

शुभाआत्या

*

मुलुंड
२० जानेवारी २०२४

आत्या,

तुझं ऐकलं. आणि तुला वाटलं असेल त्यापेक्षा जास्त ऐकलं. दिवाळीनंतर जिम लावलं. केयूर म्हणून आहे, जिम त्याचंच. पहिल्या दिवशी त्याने माझे फोटो काढले, पुढून, बाजूने, मागून. म्हणाला, नंतर बघायला मजा येईल. आता खरंच येते.

पहिल्या महिन्यात कोणाला कळलं नाही. आता सगळ्यांना कळतंय. ऑफिसात साहेब स्वतः म्हणाले, काय श्रुतिका, झकास. तळमजल्याच्या सुंदराबाई, ज्यांनी मला आयुष्यात ‘अजून जिना चढवतो ना तुला?’ याशिवाय काही विचारलं नाही, त्या थांबून चौकशी करतात. आधी लोक माझ्यावर हसायचे ना, आता माझ्याकडे बघून हसतात. या दोन्हींत किती फरक आहे ते तुला कसं सांगू.

सोपं आहे गं एकदा जमलं की. आईला सांगते, ऑफिसात खाल्लं. ऑफिसात सांगते, घरून खाऊन आले. डबा आमच्या टेबलावर फिरतो, सगळे आईच्या हाताला दुवा देतात. भूक पहिले काही आठवडे ओरडते, मग गप्प होते. मला वाटायचं माझ्यात संयम नाही. भरपूर आहे.

यंदा मुलुंडला थंडी फार आहे. ऑफिसात सगळे एसी वाढव म्हणतात आणि मी स्वेटर घालून बसते. सगळ्यांना गंमत वाटते.

संक्रांतीचे लाडू आईने केले होते. तुझ्या वाटणीचे तिने तुला पाठवले आहेतच. माझ्या वाटणीचे मी वाटले.

श्रुतिका

*

कुडाळ
११ फेब्रुवारी २०२४

श्रुतिका बाय,

तुझ्या बाबांनी रेवतीच्या फोनवर तुझा फोटो पाठवला. मी म्हटलं, ही कोण? रेवती म्हणाली, अहो, तुमची भाची. चष्मा पुसून परत पाहिला. काय सुंदर दिसतेस गो. गळ्याची हाडं दिसायला लागली आहेत. देवळातल्या बायकांना दाखवला. सगळ्या विचारतात, काय केलंन तिने? रेवतीला तर तुला विचारायला तुझा पत्ताच हवा आहे, तिचंही अंग बाळंतपणानंतर सुटलंय.

मालनला म्हणावं, आता स्थळं बघायला लाग. आधी बघायचंच नाही असं नव्हतं, पण आता कोण नाही म्हणेल?

थंडी वाजते तर रात्री हळदीचं दूध घे. कुळथाचं पीठ पाठवते आहे, पिठी करून खा, अंगात ऊब राहील. इतका संयम आपल्या घरात कोणाकडे नव्हता. तुझ्या आजीने पाहायला हवं होतं.

शुभाआत्या

*

मुलुंड
२१ जुलै २०२४

आत्या,

वेळ झाला नाही लिहायला. पथकाचा सराव सुरू झालाय. यंदा मी पहिल्या रांगेत. अनय मला मागे ठेवत नव्हता पूर्वीही, पण यंदा मंडळांनीच सांगितलं म्हणे, त्या मुलीला पुढे घ्या.

केयूरने माझा आधीचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी लावून टाकला. पुन्हा लाखो लोकांनी बघितला. ज्यांनी तेव्हा घाण लिहिलं होतं त्यांतल्या काहींनी आता हात जोडलेली चित्रं टाकलीत. प्रेरणा, म्हणतात. काही म्हणतात, अजून थोडं बाकी आहे, थांबू नको. मी ते रोज वाचते. तेवढं वाचल्याशिवाय झोप लागत नाही.

मध्ये एकदोनदा चक्कर आली. आई डॉक्टरकडे घेऊन गेली. ते म्हणाले, वजन उतरताना होतं असं, छान चाललंय, अजून उतरवा. आई खूश झाली.

पत्र लहान आहे. हात दुखतो.

श्रुतिका

*

कुडाळ
४ ऑगस्ट २०२४

श्रुतिका बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग कपाटातून जुनी काढली. पूर्वीच्या प्रत्येक पत्रात तू काय खाल्लंस ते असायचं. ऑफिसखालच्या अण्णाचा डोसा, आईचं सुक्या मासळीचं कालवण, पथकाच्या सरावानंतर सगळ्यांनी मिळून खाल्लेला वडापाव. मी ती वाचताना हसायचे. या वर्षी एकाही पत्रात काही नाही. फक्त जानेवारीत लाडू आले, तेही वाटलेले.

मला ऐकू येत नाही, म्हणून मी लोकांचे चेहरे बघते. तुझ्या बाबांनी तुझा नवा फोटो पाठवला. सगळे म्हणतात, छान. मी डोळे पाहिले. बाय, तू जेवतेस काय गो? दुसरं काही विचारत नाही. एवढंच लिही.

शुभाआत्या

*

मुलुंड
२० सप्टेंबर २०२४

शुभाताई,

तुमच्या पत्राला श्रुतिकाने उत्तर दिलं नाही. ते तिच्या उशीखाली मिळालं. मी उत्तर देते. मला लिहायची सवय नाही, समजून घ्या.

पोरगी इस्पितळात आहे. आता बरी आहे, म्हणजे जिवाला धोका नाही असं म्हणतात. तुमच्या भावाने तुम्हाला कळवू नको सांगितलं होतं, एवढ्या लांब उगाच घोर नको म्हणून. पण मला आता कोणापासून काही लपवून ठेवायची भीती वाटते.

विसर्जनाच्या दिवशी घाटकोपरला वाजवता वाजवता ती ढोलासकट खाली पडली. मी तिथेच होते. पडल्यावर आधी फोन वर आले, ताई, मग हात पुढे आले. अनयने ढोलाची दोरी सोडली आणि तिला उचललं. मी तिचा हात धरला तर गार, सप्टेंबरच्या उन्हात. तोही व्हिडिओ त्याच रात्री सगळीकडे गेला. लोकांनी लिहिलं, नाटक करते, आता पुढचा भाग बघा. कोणी लिहिलं, एवढं शरीर आहे, पडणारच.

इस्पितळात पहिल्या डॉक्टरने साखर बघितली, दाब बघितला, म्हणाला, वजन जास्त आहे, दमली असेल. सलाईन लावलं. मग एक तरुण बाई आली, डॉक्टर जान्हवी. तिने नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. श्रुतिकाला विचारलं, “काल काय जेवलीस?”

मी म्हटलं, “ती डाएटवर आहे, डॉक्टर.”

ती म्हणाली, “तुम्ही नाही काकू. तिला बोलू दे.”

श्रुतिका छताकडे बघत राहिली. म्हणाली, “आठवत नाही.”

“परवा?”

तेही आठवत नव्हतं तिला. मग डॉक्टरीण मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, “तुमची मुलगी उपाशी आहे. काही महिने उपाशी आहे. रक्तातले क्षार घसरलेत, हृदयाचे ठोके फार मंद झालेत. हा आजार आहे, खाण्याचा.”

मला राग आला, ताई. मी म्हटलं, “डॉक्टर, ही उपाशी दिसते का तुम्हाला? नीट बघा तिच्याकडे.”

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “दिसायला लागेपर्यंत थांबायचं का आपण?”

तेव्हा एकेक आठवायला लागलं. माझ्या पोरीच्या डब्यातला भात ऑफिस खात होतं. बाथरूमच्या जाळीत केसांचे पुंजके मिळत होते, मी तेल बदललं. पाळी चुकत होती, मी म्हटलं, वजन उतरल्यावर येईल जागेवर. फ्रीजला टेकून उभी असलेली दिसायची ती कधी कधी, उघडायची नाही, नुसती उभी. मी मनात म्हणायचे, किती मन मारते माझी पोर. मी त्याचं कौतुक करत होते. सुंदराबाईंना मी स्वतः पेढे दिले होते, ते आधीचे-आताचे फोटो आले तेव्हा.

डॉक्टर म्हणतात, घरी आल्यावर प्रत्येक जेवणाला कोणीतरी तिच्यासमोर बसायला हवं. जेवणावर बोलायचं नाही, किती खाल्लं विचारायचं नाही, नुसतं बसायचं, आपणही जेवायचं. मी बसले तर ती माझ्या तोंडाकडे बघते आणि मी तिच्या ताटाकडे. दोघींना घास जात नाही.

तुमचे गुडघे दुखतात, प्रवास लांबचा आहे, मला कळतं. पण तुम्ही विचारलं होतंत ती जेवते का म्हणून. दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं. येता का?

मालन

*

मुलुंड
१५ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तू कुडाळला परत गेलीस त्याला आठवडाही झाला नाही, पण तुझी खुर्ची मी टेबलापासून हलवू दिलेली नाही. बाबा आता त्या खुर्चीवर बसतात. ते पेपर वाचत जेवतात. चालतं मला. पेपरवाल्या माणसासमोर जेवता येतं.

तू होतीस तोवर जे बोलले नाही, ते लिहिते. तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

डॉक्टर जान्हवींनी मला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं, ते तुला माहीत आहे. त्यांनी विचारलं, हे कधी सुरू झालं? मी म्हटलं, त्या व्हिडिओनंतर. त्यांनी विचारलं, आणि त्याआधी? मग मला आठवलं की शाळेत स्नेहसंमेलनात मला झाड केलं होतं. नाचात घेतलं नव्हतं. आणि मी घरी येऊन सांगितलं होतं की मलाच झाड व्हायचं होतं. व्हिडिओ नंतरचा आहे, आत्या. त्यात लोकांनी नवीन काही लिहिलं नव्हतं. जे मी स्वतःला आधीपासून म्हणत होते तेच होतं, फक्त दुसऱ्यांच्या अक्षरात.

आणि एक सांगते, ते तुला विचित्र वाटेल. शिव्यांनी मी आजारी पडले असं सगळे म्हणतात. खरं तर शिव्यांतून मी निभावले असते. कौतुकातून निघता येईना. रोज सकाळी कोणीतरी म्हणायचं, छान. आणि मला वाटायचं, आज खाल्लं तर उद्या हे म्हणणार नाहीत. मला आतून कळत होतं की काहीतरी चुकतंय. जिन्यात बसावं लागायचं. वाचलेलं डोक्यात राहायचं नाही, ऑफिसात दोनदा हिशेब चुकले. पण कोणाला सांगणार? बारीक मुलगी जेवली नाही तर लोक घाबरतात. माझ्यासारखी जेवली नाही तर टाळ्या वाजवतात. मी तेव्हाही जाडीच होते ना, आताही आहे. मला वाटायचं, आजारी म्हणवून घ्यायला मी अजून पात्र नाही. आधी तेवढी बारीक होऊ दे, मग सांगेन.

आकडे लिहीत नाही. डॉक्टरांनी घरच्या काट्यावर उभं राहायला मनाई केली आहे. त्या वजन करतात तेव्हा मला पाठमोरी उभी करतात.

अजून प्रत्येक जेवणाआधी टेबलापर्यंत यायला वेळ लागतो. खाल्ल्यावर रडायला येतं, रोज नाही, पण येतं. फोनमधली ती सगळी ॲप्स काढली. हात अजून तिथेच जातो, रिकाम्या जागेवर.

एक कबूल करायचंय. तू होतीस तेव्हाही मी दोनतीनदा फसवलं तुला.

श्रुतिका

*

कुडाळ
३ जानेवारी २०२५

श्रुतिका बाय,

तू पोळी फडक्यात गुंडाळलीस ते मी पाहिलं होतं. दुसऱ्यांदा कुंडीत पुरलीस तेही. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची थोडी पुढे ओढली, तुला आठवत असेल. बोलले नाही. बोलून काय करणार होते? मला वाटलं, आज फसवते आहे, पण ताटावर बसली तर आहे.

तू कौतुकाबद्दल लिहिलंस. मी ते पान घडी घालून बाजूला ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा काढलं. फेब्रुवारीतलं माझं पत्र मला आठवतं. गळ्याची हाडं दिसायला लागली म्हणून मी आनंदले होते. अख्ख्या देवळात फोटो फिरवला. गुडघे दुवा देतील, असं त्याआधी मीच लिहिलं होतं. तू मला त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीस. लिहायला हवा होतास. मोठ्यांना सांभाळून घ्यायची सवय सोड आता.

रेवती परवा आली, म्हणाली, मीही दोन महिने रात्रीचं सोडलंय, तुमच्या श्रुतिकासारखं. तिला बसवली आणि सगळं सांगितलं. तुझी परवानगी न घेता सांगितलं, त्याबद्दल हवं तर भांड. ती आधी म्हणाली, पण ती तर चांगली भरलेली होती की. मी म्हटलं, होय. भरलेली होती आणि उपाशी होती. दोन्ही एकाच वेळी. मला समजायला वर्ष गेलं, तू आजच समज. मग तिने चहाबरोबर दोन खारी बिस्किटं घेतली.

मला उत्तर लवकर नको. बरी हो, मग लिही. किंवा बरी न होताही लिही.

शुभाआत्या

*

मुलुंड
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

गणपती झाले. यंदा डॉक्टरांनी एकाच वादनाला परवानगी दिली, तीही जेवून जायच्या अटीवर. मी मधल्या रांगेत उभी राहिले. मीच मागितली ती जागा. अनयने काही विचारलं नाही, फक्त दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होता. पाऊण तास वाजवलं. हात पूर्वीसारखा नाही पडत अजून, पण पाय थरथरले नाहीत.

अर्थात शूट झालंच. मी बघितलं नाही, पण ऑफिसातल्या एकीने सांगितलं, ‘अगं, मनावर घेऊ नकोस हं,’ म्हणजे काय असेल ते कळलं. परत सुटली, असंच लिहिलं असणार. खोटं कशाला लिहू, त्यानंतर दोन दिवस माझा डबा पुन्हा टेबलावर फिरला. तिसऱ्या दिवशी समुपदेशक बाईंना फोन करून सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, गेल्या वर्षी सांगायला तुला पडावं लागलं होतं.

पण पत्र याच्यासाठी लिहीत नाहीये. परवा एक वेगळंच झालं.

आई आणि मी स्टेशनच्या बाजूला भाजी घ्यायला गेलो होतो. केयूरच्या जिमवर मोठा फलक लागलाय. त्यावर मी. डावीकडे आधीची, उजवीकडे नंतरची. खाली लिहिलंय, श्रुतिकाने करून दाखवलं, आता तुमची पाळी. दोन कॉलेजच्या मुली खाली उभ्या राहून बघत होत्या. त्यांतली एक माझ्यासारखी होती. तिने स्वतःचा ड्रेस मागून ओढून घेतला, तसा मी आयुष्यभर ओढत आलेय.

मी आईच्या हातात पिशवी दिली आणि वर गेले. आई मागून आलीच.

केयूर काउंटरवर होता. आधी ओळखलं नाही. मग म्हणाला, “अरे श्रुतिका मॅडम. कुठे गायब? परत सुरू करायचंय का?”

मी म्हटलं, “तो फोटो उतरव.”

“का? किती जण येतात मॅडम तो बघून. तुम्ही आमची शान आहात.”

“तो उजवीकडचा फोटो कधीचा आहे माहीत आहे तुला?”

“गेल्या वर्षीचा. गणपतीच्या आधीचा.”

“त्यानंतर दोनतीन महिन्यांत मला उचलून इस्पितळात नेलं. माझं हृदय बंद पडायला आलं होतं. त्या फोटोत मी उपाशी आहे, केयूर. महिनोन्‌महिने. तू ज्याला रिझल्ट म्हणतोस ना, तो आजार आहे.”

तो खरंच गोंधळला. वाईट मुलगा नाहीये तो. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून फलकाच्या पाठीकडे. आणि म्हणाला, “पण मॅडम, काय भारी दिसत होतात.”

आत्या, मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण तो खरं बोलत होता. सगळ्यांना तसंच दिसलं होतं, तुलाही, आईलाही. आरशात मलाही.

तेवढ्यात आई पुढे झाली. हातात दोन पिशव्या, एकीतून माठाची भाजी बाहेर आलेली. म्हणाली, “हे बघ बाबा. तुला तो फोटो हवा असेल तर त्याच्या शेजारी तिसरा लाव. नळ्या लावलेली, गादीवर झोपलेली. माझ्याकडे नाहीये, मी काढला नाही. पण मला तोंडपाठ आहे, हवं तर चितारणाऱ्याला सांगते.”

केयूर म्हणाला, “उद्या उतरवतो, काकू.”

आई म्हणाली, “आम्ही थांबतो.”

आणि ती तिथल्या बाकावर बसली, माझ्या आधी. बायका घाम पुसत येत होत्या, जात होत्या, आम्हा दोघींकडे बघत होत्या. मला लाज वाटली, आधी आपल्या शरीराची वाटली, जुन्या सवयीने, मग कमी झाली. शेवटी एक माणूस शिडी घेऊन आला. फलक उतरताना मधोमध फाटला. त्यापुढे बघायला मी थांबले नाही. फोनवरचाही काढून टाकीन म्हणाला. टाकेल की नाही कोण जाणे, आणि टाकला तरी तो कुठे कुठे असेल. पण रस्त्यावरचा गेला.

घरी येताना आई माझ्या दोन पावलं मागे चालत होती. मला वाटलं, दमली. तिच्या मनात काय चाललंय ते अजूनही मला नीट कळत नाही. ती माझ्यासमोर जेवते आता, पण भात वाढताना डोळे दुसरीकडे ठेवते. आम्ही दोघी अजून शिकतोय.

बिल्डिंगमध्ये शिरलो तर सुंदराबाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आईकडे वळून, मी तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाल्या, “मालन, श्रुतिका परत भरली गं. किती छान झाली होती मध्यंतरी. काय झालं?”

मी आईकडे बघितलं नाही. मला ते बघायचं नव्हतं. गेल्या वर्षी याच दारात तिने पेढे दिले होते. मला फक्त तिचा आवाज ऐकू आला, साधा, भाजीचा भाव सांगावा तसा.

“हो,” आई म्हणाली. “जेवते ती आता.”

मग तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जिना चढायला लागली.

तुझी
श्रुतिका